मी पुसलेली खरखर

फेब्रुवारी अर्धा उलटला की आमच्या भागातल्या रस्त्यांना वास येऊ लागतो. पिकअप गाड्यांमधून द्राक्षांचे क्रेट चाललेले असतात. वळणावर दोन-चार घड खाली पडतात, त्यांवरून चाकं जातात आणि दुपारच्या उन्हात तो रस आंबतो. सकाळी अजून स्वेटर लागतो, दुपारी डांबर मऊ झालेलं असतं. दिंडोरीकडे जा, गिरणाऱ्याकडे जा, हा आंबूस गोड वास बरोबर येतो. इतरांना तो हंगामाचा वास वाटत असेल. मला त्याच्याबरोबर एक आवाज ऐकू येतो. खर्र, चिक्, खर्र खर्र, चिक्. कोरड्या पाल्यावरून कुणी झपझप चालत गेल्यासारखा. हा आवाज मी एकदा पुसून टाकला होता. ज्याचा होता त्याला ते वीस-पंचवीस वर्षं कळू दिलं नाही.

माझं नाशिक रोडला रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अजून आहे, पण आता त्यात मोबाइलची कव्हरंच जास्त विकली जातात. नव्वदच्या दशकात मात्र दुकानात पाऊल ठेवायला जागा नसे. माझा धंदाच खरखर शोधण्याचा. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "आवाज येतो, पण बरोबर चरचरतंय काहीतरी." मी रेडिओला कान लावायचो आणि कुठला सांधा सुटलाय ते बहुतेक वेळा उघडायच्या आत सांगायचो. या कानाचा मला फार अभिमान होता. लोकही कौतुक करायचे. त्यामुळेच आमच्या ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी मला मिक्सरवर बसवलं. मास्तर स्वतः ऑर्गन वाजवायचे आणि दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला माइकवरून सांगायचे, "आमचा आवाज काचेसारखा, कारण आमच्याकडे प्रकाशराव आहेत." तेव्हा मी खाली मान घालून बटणं फिरवायचो, पण ते वाक्य चुकलं तर मला करमायचं नाही.

द्राक्षं उतरायला लागली की ऑर्केस्ट्राच्या तारखा लागायच्या. गावोगावच्या यात्रा, मग लग्नं. माल निघालेला असायचा, गावं खुशीत असायची. टेम्पोत स्पीकर, त्यांवर गाद्या, गाद्यांवर आम्ही. मिक्सर मी गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचो. ड्रमवाला, बासवाला, दोन गायिका, एक गायक आणि गिटारवर केशव.

केशव मखमलाबादकडचा. घरची फुलशेती आणि थोडा भाजीपाला. निशिगंध, शेवंती, गुलाब, पाडव्याला आणि दसऱ्याला झेंडू. तरुणपणी तो सायकलवर फुलांची पाटी लावून देवळाली कॅम्पला जायचा. तिथल्या बंगल्यांमध्ये, एका मेसमध्ये फुलं द्यायचा. तिथेच कुठल्यातरी खोलीच्या खिडकीतून त्याने पहिल्यांदा गिटारचं ते खरखरतं वादन ऐकलं. वाजवणारे हवालदार लष्करी बँडमधले, शिलाँगकडचे. केशव पाटी खाली न ठेवता खिडकीशी उभा राहिला. ते म्हणाले, "फूल सूख जाएगा, भाई. अंदर आओ." पुढची दोन-तीन वर्षं तो फुलं देऊन झाली की तिथे जाऊन बसायचा. त्यांनीच त्याला एक जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळवून दिली, आणि कॅसेटही भरून दिल्या. कॅसेटांवर काही लिहिलेलं नव्हतं. या संगीताला फंक आणि सोल म्हणतात, एवढंच हवालदारांनी सांगितलं होतं. कुणाचं गाणं, कुणाचं वादन, काही नाही.

मला हे नेहमी अजब वाटत आलंय. कॅसेटांवरची जी माणसं केशवच्या रोजच्या सोबतीला होती त्यांची नावं त्याला माहीत नव्हती, चेहरेही कधी पाहिले नव्हते. म्हणून त्याने त्यांना आपली नावं ठेवली होती. एकाला सुतार म्हणायचा. "ऐक, पक्या, कसा रंधा मारतोय. एक ढलपी जास्त निघत नाय." दुसरा होता पाटील, कारण तो कधी घाई करायचा नाही. एक गायिका होती, तिच्याबद्दल म्हणायचा, "ही बाई रडत नाय, भांडती. देवाशी भांडती." इंग्रजी आम्हा दोघांनाही फारसं येत नव्हतं. ती देवाशी भांडत होती की घरमालकाशी, हे मी आजही सांगू शकणार नाही. पण भांडत होती खरी.

त्याच्या वाजवण्यात एक गोष्ट मला कधी कळली नाही. त्याचा उजवा हात थांबायचाच नाही. गाण्यात सूर असो नसो, हात वर-खाली, वर-खाली. आणि डाव्या हाताने तो तारा बहुतेक वेळ नुसत्या झाकून धरायचा. मग सूर न निघता ते खर्र खर्र निघायचं, आणि मध्येच बोटं दाबली की एखादाच सूर उडायचा. चिक्! मी विचारलं होतं, "वाजवायचं नाही तर हात कशाला हलवतोस?"

"हवालदारसाहेब म्हणायचे, हाथ मत रोको, आवाज रोको," केशव म्हणाला. मग माझा चेहरा पाहून हसला. "तुला दुकानदाराला काय कळणार! हे बघ. मळ्यात पाणी भरताना मोटर चालू असती. पाटाला पाणी चालूच असतं ना? मी फावड्यानं एक वाफा उघडतो, भरला की बंद करतो, दुसरा उघडतो. पाणी थांबवतो का? उजवा हात म्हणजे पाट. डावा म्हणजे फावडं. पाट थांबला तर वाफ्याला मजा नाय."

हे ऐकून मी मान डोलावली होती. पण मला ते फक्त शेतीबद्दल कळलं होतं.

ज्या हंगामात मी तो आवाज पुसला, त्यातली एक दुपार आठवते. दिंडोरीच्या पुढे एका गावात यात्रेचा कार्यक्रम होता. आम्ही ऊन असतानाच पोचून वायरी जोडल्या. स्टेजच्या मागे द्राक्षबाग होती आणि पेठ-सुरगाण्याकडून कामाला आलेल्या बाया डोक्यावर क्रेट घेऊन शेडकडे चालल्या होत्या. ड्रमवाल्याने सहज ठेका धरला आणि केशवने त्यावर ते खर्र-चिक् सुरू केलं. मी मिक्सरवरून पाहत होतो. बायांच्या चालीत काहीतरी झालं. कुणी नाचलं नाही, कुणी वळूनही पाहिलं नाही, पण पाच-सहा जणींची पावलं एकाच वेळी पडू लागली आणि डोक्यावरचे क्रेट एकदम खाली, एकदम वर. एक म्हातारी मात्र थांबली. क्रेट उतरवून तिने कंबरेवर हात ठेवले आणि केशवकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, तुझा हात काय ठरत नाही रं!" सगळ्या हसल्या.

मी काय करत होतो? मी स्टेजखाली वाकून केशवची वायर तपासत होतो. मला वाटलं, ढिली आहे.

इथे हे सांगायला हवं की केशवचा अँप्लिफायर मी बनवलेला होता. एका जुन्या रेडिओच्या लाकडी पेटीत माझ्या हाताने जोडलेला. तो खरखरला म्हणजे माझं नाक कापलं गेलं, असं मला वाटायचं. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी ही पेटी आहे. माझा कान आणि माझी पेटी, दोन्हींचा अहंकार.

हवालदारांची त्याच सुमाराला बदली झाली. जाता जाता त्यांनी मुंबईतल्या एका हॉटेलच्या बँडप्रमुखाला केशवबद्दल कळवलं. त्या बँडला रिदम गिटार वाजवणारा माणूस हवा होता, अगदी याच पद्धतीचा. निरोप आला की एक कॅसेट पाठवा. केशव हरखून गेला होता. दाखवत नव्हता, पण माझ्या दुकानात येऊन उगाच पेचकस उचलायचा, ठेवायचा. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. मंदावहिनी मुंबईला यायला तयार होत्या. "तिथं फुलं कुठून आणायची देवाला?" एवढीच त्यांची शंका होती.

दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही भिंतींना गोधड्या बांधल्या. मार्चमधली दुपार. पंखा लावला तर त्याचा आवाज येईल म्हणून बंद. ड्रमवाला बनियनवर. टेपच्या डाव्या बाजूला ड्रम, बास आणि मास्तरांचा ऑर्गन घेतला, उजव्या बाजूला नुसती केशवची गिटार. चार चिजा वाजवल्या. शेवटची संपली तशी मास्तरांनी घाम पुसला आणि म्हणाले, "केशव, हे काय आहे मला माहीत नाही. पण हे इथं राहायचं नाही."

"नीट पाठव रे," केशव जाताना मला म्हणाला. "तुझा कान चांगलाय." पाडवा जवळ आला होता, मळ्यात झेंडूची तोडणी चालू होती. त्याला जाणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला पाठवायची प्रत काढायला बसलो. हेडफोन लावला. आणि उजव्या बाजूला मला काय ऐकू आलं? खरखर. पहिल्यापासून शेवटपर्यंत खरखर, अधूनमधून एखादा सूर. खोलीत समोर बसून ऐकताना त्याचा हात दिसत होता, म्हणून ती खरखर त्याच्या वादनाची वाटली होती. आता हात दिसत नव्हता. मला फक्त माझी पेटी ऐकू येत होती, सांधा सुटलेली. ही कॅसेट मुंबईत मोठे लोक ऐकणार आणि म्हणणार, नाशिकला कुणी अडाण्याने अँप्लिफायर जोडलाय. केशवला विचारता आलं असतं. मखमलाबाद काही परदेशात नव्हतं. पण विचारलं असतं तर माझी पेटी बिघडल्याचं कबूल करावं लागलं असतं. मी उजव्या बाजूची वरची पट्टी, म्हणजे आवाजातला चरचरीत भाग, कापली. तरी राहिली, म्हणून ती बाजूच खाली घेतली. मग ड्रम, बास, ऑर्गन, सगळं काचेसारखं. गिटार कुठेतरी मागे, भिंतीपलीकडे कुणी वाजवतंय अशी. मी समाधानाने पाकीट बंद केलं. मूळ कॅसेटवर त्याच आठवड्यात एका हळदीची गाणी भरली. तेव्हा कॅसेटा अशाच पुन्हा पुन्हा वापरायचो.

काही दिवसांनी दुकानातल्या फोनवर मुंबईहून फोन आला. माणूस हसऱ्या आवाजाचा होता. हिंदीत म्हणाला, "तुमचा ड्रमर छान, ऑर्गन छान. पण मी गिटारवाला मागितला होता. तो त्या दिवशी रजेवर होता का?" मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "हवालदार खोटं बोलणार नाही. चार दिवसांत दुसरी पाठवा. हात ऐकू आला पाहिजे. तो खरखरणारा हात."

फोन ठेवला तेव्हा मला सगळं कळलं होतं. एका क्षणात. इतकी वर्षं जे कळलं नव्हतं तेही.

मी सायकल काढली आणि मखमलाबादला गेलो. सांगायलाच गेलो होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. केशव मळ्यात पाणी भरत होता, पायजमा गुडघ्यापर्यंत, हातात फावडं. बांधावर वहिनी आणि दोन बाया झेंडू तोडून पाट्या भरत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "फोन आला का?"

"आला."

"काय म्हणाले?"

खरं सांगायला सहा-सात वाक्यं लागली असती, आणि त्यांतलं पहिलंच वाक्य माझ्याविषयी होतं. खोटं दोन शब्दांत झालं.

"नको म्हणाले."

पाटाचं पाणी त्याच्या पायांवरून वाहत होतं. एक वाफा भरून बांध फुटायला आला, तरी त्याने फावडं उचललं नाही. मग म्हणाला, "का रे? हात नाय आवडला?"

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण कारण विचारल्यावर कारण द्यावं लागतं, आणि माझ्याकडे एकच तयार होतं, माझं स्वतःचं. म्हणालो, "साफ वाजत नाही म्हणाले."

वहिनींनी ते बांधावरून ऐकलं. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत झेंडू भरला. मी तो घेतला आणि घरी जाऊन दाराला तोरण केलं.

ते चार दिवस गेले. पाडवाही गेला. हंगाम पुढे सरकला, वणीची यात्रा आली, लग्नं आली. आणि कार्यक्रमांमध्ये केशव साफ वाजवू लागला. सूर असेल तिथे सूर, नसेल तिथे हात गिटारवर निवांत ठेवलेला. मास्तर एकदा म्हणाले, "तुझ्यातलं मीठ गेलं रे." केशव म्हणाला, "मीठ जास्त झालं होतं, मास्तर." मी मिक्सरवर होतो. मनातलं खरं सांगायचं तर मला त्या क्षणी वाईट वाटलं, आणि आवाज आता स्वच्छ येतोय याचं बरंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. माणसाच्या आत ही सोय कुणी करून ठेवली आहे, कोण जाणे.

पुढे मास्तर गेले. कॅराओके आलं, एक माणूस आणि एक लॅपटॉप पुरू लागला. ऑर्केस्ट्रा सुटला. केशव फुलांकडे वळला, मी मोबाइलकडे. कुणाच्या लग्नात भेट व्हायची. "काय पक्या?" "काय केशव?" एवढंच. मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहणं टाळायचो.

दोन हजारनंतर आमच्याकडे वाइनरी उभ्या राहिल्या. यंदा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना, हंगाम आहे, तिथे द्राक्षं तुडवू देतात." रविवारची दुपार. मोठ्या पिंपात पुण्या-मुंबईची माणसं पँटी दुमडून हसत होती. मला तो वास आला, आणि त्याच्यामागून आवाज. खर्र, चिक्, खर्र खर्र. आधी वाटलं, मनातलाच आहे. मग पाहिलं तर बागेच्या कडेला छोटं स्टेज, कॉलेजच्या वयाची तीन मुलं आणि मधे केशव. केस पांढरे. डोळे मिटलेले. हात थांबत नव्हता.

मध्यंतरात मी त्याच्याकडे गेलो. तो ताक पीत होता. "अरे, पक्या! कसा वाटला आवाज? ही पेटी तुझी नाय, बरं का!" खळखळून हसला.

"पुन्हा कधीपासून वाजवायला लागलास असं?"

"ऑर्केस्ट्रा बंद झाल्यावर. म्हटलं, आता साफ कुणाला पायजे? घरी बसून वाजवत होतो. ही पोरं फुलं न्यायला आली, त्यांनी ऐकलं." त्याने ग्लास खाली ठेवला. "लय वर्षं फुकट गेली बघ. हात अवघडला होता."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. पेटी, हेडफोन, पाकीट, हळदीची गाणी, फोन, चार दिवस. "साफ" हा शब्द माझा होता, हेही. तो मला शिव्या देईल असं मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो, त्यांची उत्तरंही माझ्याकडे तयार होती. त्याने शिवी दिली नाही. विचारलं, "म्हणजे त्यांनी मला ऐकलंच नव्हतं?"

"नाही."

"नको म्हणाले ते..."

"नको म्हणालेच नव्हते. पुन्हा पाठव म्हणाले होते."

"एका दुपारचं काम होतं रे," तो म्हणाला. "एका दुपारचं." मग पोरांनी हाक मारली म्हणून स्टेजवर गेला. उरलेला कार्यक्रम त्याने पुरा केला. कसा वाजवला ते मला सांगता येणार नाही, मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतो. संपल्यावर गिटार पिशवीत घालून आला आणि म्हणाला, "चल घरी. मंदाला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटंल, म्हातारपणी मनाची समजूत काढतोय."

मुलीला रिक्षात बसवून मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

वहिनी ओसरीवर निशिगंधाच्या जुड्या बांधत होत्या. "या भाऊजी, किती वर्षांनी!" म्हणत उठायला लागल्या. केशव म्हणाला, "बस तू. ऐक आधी." मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा अवघड गेलं, कारण त्या मध्ये काही विचारत नव्हत्या. जुडी बांधत होत्या. "साफ" या शब्दाशी आलो तेव्हा दोरा हातात तसाच राहिला.

"त्या दिवशी बांधावर मीच यांना म्हणाले होते," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या. "म्हणाले, मुंबईची माणसं काय येडी हायेत का? तुमच्यातच काही कमी असंल. सोडा तो खरखरीचा नाद. मी म्हणाले म्हणून यांनी सोडला, भाऊजी. मला तर ती खरखर आवडायची. सकाळी चूल पेटवताना ऐकायचे मी."

केशव म्हणाला, "जाऊ दे."

"का जाऊ दे?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटतंय, माझ्या बोलण्यानं तुमचा हात बंद झाला. खरं काय ते या भाऊजींना ठाऊक होतं, आणि हे लग्नाकार्यात समोर येऊन 'काय वहिनी' म्हणून हसायचे."

माझ्या हिशेबात त्या कधी नव्हत्याच. मी केशवचा गुन्हेगार आहे, एवढंच मी स्वतःला सांगत आलो होतो, आणि त्यातही एक प्रकारचं सुख घेत होतो की काय, असं आता वाटतं. बांधावर झेंडू तोडणारी बाई मला दिसलीच नव्हती. मी हात जोडले. त्यांनी ते पाहिले की नाही, माहीत नाही. त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने भांड्याचा आवाज आला, पण चहा आला नाही. मखमलाबादच्या त्या घरातून चहा न घेता उठायची ही पहिलीच वेळ.

केशव फाटकापर्यंत आला. ऊन उतरलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल आणि ते शेवटचं असेल.

"रविवारी ये," तो म्हणाला. "मिक्सरपाशी जाऊ नको. समोर बस."

गेलो. पहिल्या रांगेत बसलो. वहिनी दोन खुर्च्या सोडून होत्या, बोलल्या नाहीत. केशवने डोळे मिटून हात सुरू केला, आणि त्या खरखरीला माझी बोटं आपोआप वळू लागली, बटण शोधू लागली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ऐकत राहिलो.